लंडनच्या पोटांतील रोमन नगर

आजचें लंडन जमिनीवर उभें आहे असें म्हणण्यापेक्षां तें आपल्याच मागील पिढ्यांच्या राडारोड्यावर उभें आहे असें म्हणणें अधिक खरें. जळलेलीं घरें, पडलेल्या भिंती, फुटलेलीं खापरें यांचे थर सांचत गेले आणि रोमन लोकांनीं इसवी सनाच्या पहिल्या शतकांत वसविलेलें लोंडिनियम त्यांखालीं गाडलें गेलें. जुन्या शहराच्या मध्यभागीं हे थर कित्येक मीटर जाडीचे आहेत. तेथें नवी इमारत उठवावयाची म्हणजे पायाचा प्रत्येक खांब त्यांतूनच खालीं उतरणार.

दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानें शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तो पुन्हां बांधण्यापूर्वीं खालीं काय आहे तें पाहून घ्यावें म्हणून विल्यम ग्राइम्स या संशोधकानें मोकळ्या पडलेल्या जागांवर चर खणावयास आरंभ केला. माणसें थोडीं, पैसा त्याहून थोडा. वॉलब्रुक या बुजून गेलेल्या ओढ्याच्या कांठीं तर त्याला केवळ ओढ्याच्या जुन्या पात्राचा थांग लावावयाचा होता. लागलें तें देऊळ! १८ सप्टेंबर १९५४ रोजीं, काम आटोपतें घ्यावयाच्या वेळीं, मिथ्र देवाचें संगमरवरी मस्तक मातींतून वर आलें. (वेदांतील मित्र आणि हा मिथ्र नांवानें एकाच कुळांतले.) बातमी फुटतांच बघ्यांच्या रांगा लागल्या, चर्चिलच्या मंत्रिमंडळालाहि विषय हातीं घ्यावा लागला. पण इमारतीचे नकाशे तयार होते, पैसा गुंतला होता. अखेर देऊळ उचकटून काढलें आणि १९६२ सालीं जवळच दुसऱ्या जागीं, मूळ पातळीहून पुष्कळ उंच, सिमेंटमध्यें रचलें. दगड जुने राहिले. जागा, पातळी आणि दिशा मात्र बदलली.

त्याच भूखंडावर २०१० ते २०१४ या काळांत, जुनी इमारत पाडून ब्लूमबर्ग कंपनीची कचेरी उभी राहण्यापूर्वीं, पुन्हां उत्खनन झालें. मधल्या इमारतीच्या पायांतूनहि खोलवरचे थर शाबूत राहिले होते. ओढ्याच्या पाण्यानें भिजलेल्या चिखलांत हवा पोंचत नाहीं, त्यामुळें लांकूड कुजलें नव्हतें. ४०५ लांकडी पाट्या मिळाल्या. त्यांवरचें मेण कधींच गेलें होतें. पण लेखणीचे ओरखडे लांकडांत उतरले होते. एका पाटीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख असून ती मालाच्या किंमतीपोटीं राहिलेल्या १०५ देनारियस या रोमन नाण्यांच्या देण्याची कबुली आहे. दुसरी २१ ऑक्टोबर ६२ ची. तींत व्हेरुलेमियमहून लंडनला धान्यसामग्रीचे २० बोजे आणण्याचा करार आहे. राणी बौदिकेनें हीं दोन्ही शहरें जाळून फार तर दोन वर्षें झालीं होतीं! शहर किती लवकर सांवरलें, हें ही एक पाटी सांगते. असा पुरावा पायाच्या यंत्राखालीं चिरडला असता तर त्याची चुकचुक करणाराहि कोणी उरला नसता.

१९९० सालीं इंग्लंडच्या सरकारनें मार्गदर्शक नियम घालून दिला: परवानगीचा निर्णय होण्याआधींच जमिनींत काय आहे याचा अंदाज घ्यावा, आणि तो खर्च बांधणाऱ्यानें सोसावा. प्रथम जुने नकाशे, तळघरांच्या नोंदी. मग जमिनींत पाडलेलीं भोकें आणि चांचणीचे खड्डे. येथें पाण्याचा विचार फार महत्त्वाचा. खांब चार हात सरकवतां येतो. पण बांधकामानें भूजल खालीं गेलें तर ज्याला कोणी हातहि लावला नाहीं तें लांकूडसुद्धां कुजून जातें. यॉर्क शहरासाठीं १९९१ च्या सुमारास नव्या पायानें अवशेषांचा शेंकडा ५ हून अधिक भाग नष्ट होऊं नये अशी मर्यादा सुचविली गेली. हिशेब सोयीचा खरा. पण रंगीत फरसबंदीचा मधला शेंकडा ५ भाग गेला तर उरलेल्या ९५ चा अर्थ लागेलच असें नाहीं.

आधीं पाहण्याचें फळ ग्रेसचर्च स्ट्रीटवर दिसलें. तेथील एका कचेरीची इमारत उभी असतांनाच तिच्या तळघरांत लहान लहान खड्डे घेतले गेले. त्यांत रोमन नगराच्या पहिल्या सभागृहाच्या भिंती लागल्या. इसवी सन ८० च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूंत न्यायदान व नगराचा कारभार चालत असे. हा शोध फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर झाला. नकाशे अजून बदलतां येण्याजोगे होते, ते बदललेहि. आणि या भिंती नव्या इमारतींत लोकांना पाहतां येतील अशी योजना आंखण्यांत आली.