सातबाऱ्यावर न चढलेले पीक

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. साष्टी बेटालाही तसा इतिहास आहे. १५३४ साली ते पोर्तुगिजांकडे गेले, १७३७ साली मराठ्यांनी घेतले, १७७४ साली इंग्रजांनी. राज्ये बदलली, परंतु बेटाच्या पश्चिम अंगाला, चारकोप-मनोरी-गोराईच्या खाडीकाठी, पोट भरण्याची रीत फारशी बदलली नाही. ती रीत चंद्रावर चाले.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, पाण्याला ओढ असते. तेव्हा खुंटांना बांधलेली डोल जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी मंद. मग डोलीला फारसे काम नाही. ओहोटीला बायका चिखलात उतरून कालवे, शिवल्या, निवट्या वेचत. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात, हे कोळणीला कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

दुसरे पीक डोंगराकडचे. कांदिवली-बोरिवलीच्या पूर्वेच्या टेकड्यांवर चैत्र-वैशाखात करवंदांच्या जाळ्या काळ्या होतात. काटे बोचवून घ्यायचे, चिकाने बोटे चिकट करून घ्यायची आणि पानांच्या द्रोणांत ही काळी मैना बाजारात आणायची, हे काम बहुतेक आदिवासी बायकांचे. करवंदे सरतात न सरतात तोच मृगाचा पाऊस येतो, होड्या किनाऱ्याला लागतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत सुकट, सुके बोंबील आणि कच्च्या करवंदांचे लोणचे यांवर घर चाले.

आता यातली खोच पाहा. ना चिखल कुणी नांगरला, ना जाळी कुणी लावली. म्हणून सातबाऱ्यावर भात चढले, ही पिके चढली नाहीत. जे कागदावर नाही ते पडीक, असे समजणे सोपे जाते. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपला भूखंडांची मोठी वसाहत झाली. हजारो गरजू कुटुंबांना घर मिळाले, हे चांगलेच झाले. पण खाडीकाठच्या ज्ञानाची नोंद मात्र कुठल्या नकाशात झाली नाही. पुढे २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. डोंगराचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे. झाडांना कायद्याचे कुंपण मिळाले, शब्दांना नाही.

शिक्षक बंधू-भगिनींनो, एवढे करा. मुलांना गावातल्या म्हाताऱ्या आजीकडे पाठवा. उधाण कधी, भांग कधी, जाळी कुठे होती, हे विचारून वहीत उतरवू द्या. सातबारा सरकार लिहिते. ही वही आपणच लिहायची आहे.