तुरुंगातून आमदार झाले, कोर्टाने आरोपमुक्तही केलं, तरी अखिल गोगोईंवरचा खटला संपला का नाही?

आसामचे अखिल गोगोई १ जुलै २०२१ ला कोठडीतून सुटले, तेव्हा ते आमदार झालेले होते. सीएएविरोधी आंदोलनाच्या केसमध्ये एनआयएच्या विशेष कोर्टाने त्यांना 'आरोपमुक्त' केलं होतं. आपण हा शब्द वाचतो आणि 'निर्दोष सुटले' असं समजून पुढे स्क्रोल करतो. पण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि गोगोईंच्या प्रकरणातली खरी गोम तिथेच आहे.

गोगोई कोण, तर शेतकऱ्यांचे कार्यकर्ते. २००५ मध्ये त्यांनी 'कृषक मुक्ती संग्राम समिती' काढली. गोलाघाट जिल्ह्यात माहिती अधिकार वापरून त्यांनी रोजगार योजनेतला गैरव्यवहार बाहेर काढला होता. मोठी धरणं, जमिनीचे हक्क यावर आंदोलनं, अटका हे त्यांना नवीन नव्हतं.

आसामचा विरोध वेगळा कसा?

दिल्लीत शाहीन बागमध्ये मुद्दा होता, की कायद्यातून मुसलमानांना का वगळलं? आसाममध्ये प्रश्न दुसराच होता. १९८५ च्या आसाम करारानुसार २४ मार्च १९७१ नंतर आलेला माणूस परदेशी, मग त्याचा धर्म कोणताही असो. सीएएने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या मुस्लिमेतर लोकांना नागरिकत्वाची वाट खुली केली. म्हणजे करारातली तारीख एका गटापुरती ४३ वर्षं पुढे गेली. भाषा आणि जमीन हातची जाईल, ही तिथली भीती. ती पटो न पटो, पण दोन्ही आंदोलनं एकाच मापाने मोजली तर आसाम कळत नाही.

यूएपीए कुठून आला?

११ डिसेंबर २०१९ ला विधेयक राज्यसभेत मंजूर झालं. दुसऱ्याच दिवशी गोगोईंना जोरहाटमध्ये ताब्यात घेतलं गेलं आणि तपास एनआयएकडे गेला. हिंसेला चिथावणी देणं, माओवाद्यांशी संबंध असे आरोप लागले. एक केस चाबुआची, दुसरी गुवाहाटीतल्या चांदमारीची.

यूएपीएत जामिनाचं गणित उलटं असतं. कलम ४३ड(५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर कोर्ट जामीन देऊच शकत नाही. चाबुआच्या केसमध्ये त्यांना जामीन मिळाला. चांदमारीच्या केसमध्ये मात्र हायकोर्टाने नाही म्हटलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही.

तोवर निवडणूक आली. गोगोईंनी 'रायजोर दल' या नव्या पक्षाकडून शिवसागरमधून अर्ज भरला. उमेदवार कोठडीत, प्रचाराला ऐंशी ओलांडलेली आई. त्यांच्यासोबत आपल्याकडच्या मेधा पाटकरही शिवसागरला गेल्या होत्या. गोगोई ११ हजारांहून जास्त मतांनी जिंकले.

आरोपमुक्त म्हणजे नक्की काय?

खटला सुरू होण्याआधी एक टप्पा असतो. तपास यंत्रणेचे कागद बघून कोर्ट ठरवतं, की खटला चालवण्याइतकं यात काही आहे का? नसेल, तर आरोपी आरोपमुक्त होतो; गोगोईंच्या वेळी हे सीआरपीसीच्या कलम २२७ खाली होत असे. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. निर्दोष मुक्तता होते ती पूर्ण खटला चालल्यावर, आणि मग त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. आरोपमुक्त माणसाला हे संरक्षण नसतं. वरच्या कोर्टाने आदेश फिरवला, की तो परत आरोपी.

गोगोईंचं तेच झालं. विशेष कोर्टाचं म्हणणं होतं, की त्यांची भाषणं हिंसेला चिथावणारी दिसत नाहीत आणि नाकाबंदीची भाषा म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. चाबुआच्या केसमध्येही ते जून २०२१ मध्येच आरोपमुक्त झाले होते. पण एनआयए अपिलात गेली. ९ फेब्रुवारी २०२३ ला गुवाहाटी हायकोर्टाने चांदमारीच्या केसमधला आदेश रद्द केला आणि आरोपनिश्चितीवर नव्याने सुनावणी घ्यायला सांगितलं. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निर्णय कायम ठेवला, पण गोगोईंना जामीन दिला. म्हणजे ज्या केसमध्ये २०२१ ला जामीन नाकारला होता, त्याच केसमध्ये तो २०२३ ला मिळाला. मधल्या काळात ५६७ दिवसांची कोठडी भोगून झाली होती, हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष कोर्टाने गोगोई आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांवर आरोप निश्चित केले. गोगोईंवर यूएपीएचं कलम १८, म्हणजे कटाचा आरोप आहे. आरोप निश्चित होणं म्हणजे दोषी ठरणं नाही. अटकेनंतर जवळपास पाच वर्षांनी साक्षीपुराव्याची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. मात्र कलम १८ खाली किमान शिक्षा पाच वर्षांची, कमाल जन्मठेप. आणि लोकप्रतिनिधी कायद्यानुसार दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, की आमदारकी जाते. सुटकेनंतर पुढची सहा वर्षं निवडणूकही लढता येत नाही.