विरळ हवेतला आनंद

‘मास्क आधी स्वतःला लावा, मग मुलाला’ ही विमानातली सूचना मला कित्येक वर्षे स्वार्थी वाटत असे. तिचा अर्थ उलगडला तो गास्तों तिसांदिए या फ्रेंच बलूनवीराची हकिकत वाचताना.

15 एप्रिल 1875 रोजी ‘झेनिथ’ हे बलून तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांना घेऊन पॅरिसहून निघाले. यांतले शेवटचे दोघे अजाण नव्हते. वर्षभरापूर्वी शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांच्या कमी दाबाच्या कोठीत बसून त्यांनी विरळ हवेचा परिणाम स्वतः अनुभवला होता. सोबत ऑक्सिजनही होता. तो पुरणार नाही, असे कळवणारे बेर यांचे पत्र मात्र उशिरा पोहोचले.

साडेसात हजार मीटरच्या सुमारास सिव्हेलने विचारले, वजनाच्या पिशव्या सोडू का? कोणी नको म्हणाले नाही. तिसांदिएला त्रास होत नव्हता. उलट आतून आनंद दाटत होता. ऑक्सिजनची नळी घ्यावीशी वाटली, तेव्हा हात उचलेना. पुढे बलून आपसूक खाली येऊ लागले. शुद्धीवर आलेल्या क्रोसे-स्पिनेलीने आणखी वजन फेकले आणि ते पुन्हा वर चढले. तिसांदिए वाचला, दोघे मित्र गेले.

मला वाटते, हायपॉक्सियाचे खरे भय इथे आहे. धोका ओळखणारी बुद्धीच तो आधी गिळतो. 14 ऑगस्ट 2005 रोजी ‘हेलिऑस’चे विमान सायप्रसहून अथेन्सकडे निघाले. दाब राखणाऱ्या यंत्रणेचे बटण ‘मॅन्युअल’वर राहिले होते. भोंगा वाजला, पण उड्डाणापूर्वीच्या वेगळ्याच इशाऱ्याचा आवाजही तसाच असतो. वैमानिक त्याच दिशेने कारण शोधत राहिले आणि शुद्ध हरपली. विमानातले सर्व 121 जण मृत्युमुखी पडले.

म्हणून आज वैमानिकांना कोठीत बसवून, मास्क काढून साधी वजाबाकी करायला लावतात. कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाला उगाच हसू येते. आपले लक्षण कोणते, हे ज्याने त्याने ओळखायचे. पस्तीस हजार फुटांवर सावध राहण्याला मिनिटभरही मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे शंका येताच आधी मास्क लावायचा. कारण मागाहून शोधायचे.

झेनिथवरच्या दोघांना हे सारे माहीत होते. फक्त माहिती हातात उतरली नव्हती. आता ती सूचना ऐकताना माझी नजर आपसूक वरच्या झाकणाकडे जाते.