संमतीपत्रावरची सही

हर्नियाच्या ऑपरेशनआधी जो फॉर्म पुढ्यात येतो, त्यावर "सर्व धोके समजावून सांगितले आहेत" हे बहुतेक वेळा आधीच छापलेलं असतं. आपणही "आय अ‍ॅग्री" दाबावं तशी सही करून मोकळे! जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला महिनोन्महिने दुखत राहतं. हे आधी सांगायचं की नाही, ते ठरवणार कोण?

१९५७ साली लंडनमध्ये बोलम खटला झाला. मानसोपचारात रुग्णाला स्नायू सैल करणारं औषध न देता विजेचे झटके दिले, त्यात खुब्याची हाडं मोडली. धोका सांगितलाच नव्हता. तरी तो हरला. का, तर त्या काळचे इतर जाणते डॉक्टरही असंच करत! थोडक्यात, डॉक्टरांचा पेपर डॉक्टरांनीच तपासायचा.

१९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने 'कँटरबरी विरुद्ध स्पेन्स'मध्ये फुटपट्टी रुग्णाकडे दिली. पाठीच्या ऑपरेशननंतर १९ वर्षांच्या मुलाला पक्षाघात झाला होता. धोका सुमारे एक टक्का. पण सांगितला तर पेशंट नाही म्हणेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. अहो, नाही म्हणता यावं म्हणूनच तर विचारायचं ना?

आपल्याकडे २००८ साली सुप्रीम कोर्टात समीरा कोहली खटल्याचा निकाल लागला. १९९५ मध्ये दिल्लीत दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईंचं गर्भाशय काढलं, तेही बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन. कोर्टाने डॉक्टरांची फी नाकारली, वर २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची नव्हे, हे ठणकावून सांगितलं. पण माहिती किती द्यायची म्हटल्यावर अमेरिकन माप नको म्हणाले: इथले पेशंट गरीब, अशिक्षित वगैरे. दूरचे धोके सांगून घाबरवायची गरज नाही, असंही. मला हे पटत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला तर जास्त सांगायला हवं. पुढे २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात खुद्द ब्रिटननेच धोके सांगण्यापुरती बोलमची फुटपट्टी टाकून दिली.

असो. दहातला एक हा कुठल्याच मापाने दूरचा धोका नाही. त्यात खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्याचं दुखणं वेगळं आणि मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाचं वेगळं. पुरुषांमध्ये हर्निया फारसा त्रास देत नसेल, तर ऑपरेशन न करता लक्ष ठेवून थांबणं हाही मान्य पर्याय असतो. सही करायच्या आधी तेवढं विचारून घ्या.