पडद्यामागच्या नावाला पहिला क्रमांक

१९९८ च्या फेब्रुवारीअखेर ‘टायटॅनिक’मधले सेलीन डियॉनचे गाणे खाली सारून ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिले आले. बँडचे नाव कॉर्नरशॉप. गीत तजिंदर सिंगचे. हा पंजाबी मुलगा इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा. आणि गाण्यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. या यशाची आठवण निघते ती बहुधा गमतीदार योगायोग म्हणून: एका इंग्रजी रॉक बँडला आपली गायिका आवडली आणि गाणे चालले. मला त्यात बरेच अधिक दिसते. ज्यांचा आवाज घरोघरी पोचला पण नाव मागे राहिले, अशा पार्श्वगायकांच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे. शिवाय इंग्लंडमधल्या आशियाई वस्त्यांत जे संगीत वर्षानुवर्षे विकले गेले आणि कुणी मोजलेच नाही, त्याच्याही इतिहासातला.

आधी नावाचे पाहू. १९४९ च्या ‘महल’मधले ‘आयेगा आनेवाला’ तबकडीवर निघाले तेव्हा गायिका म्हणून त्यावर ‘कामिनी’ हे नाव छापले होते. कामिनी म्हणजे पडद्यावरचे मधुबालाचे पात्र. रेडिओवर श्रोत्यांनी चौकशी सुरू केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव रेकॉर्ड कंपनीकडून मागवून जाहीर करण्यात आले. फिल्मफेअर पुरस्कारांत तर १९५९ पर्यंत पार्श्वगायनाला जागाच नव्हती. सरकारचाही हात आखडता होता. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ पासून आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद झाले. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. तजिंदर सिंगच्या गाण्यात साधी राहणी आणि धरणे यांविषयीच्या सरकारी प्रचाराला एक चिमटा आहे, तो या पार्श्वभूमीवर वाचला की नीट कळतो. सरकारने काहीही शिकवो, दमल्याभागल्या माणसाला विसावा मिळतो तो चित्रपटातल्या गाण्यात, असे हे गीत सांगते. तो विसावा देणारी बाई पडद्यावर दिसत नाही, म्हणून ते तिचे नाव घेते. लता आणि रफी यांचीही नावे त्यात आहेत, पण ध्रुवपद आशाबाईंचे. ही निवड मला फार योग्य वाटते. १९४३ च्या ‘माझं बाळ’पासून गात असूनही त्यांच्या वाट्याला पुढची अनेक वर्षे दुय्यम चित्रपट आणि इतरांनी सोडलेली गाणी आली, ‘नया दौर’साठी १९५७ उजाडावे लागले. पडद्यामागच्यांतही मागे ठेवलेला असा हा आवाज होता.

आता दुकानांकडे वळू. तजिंदर सिंगचा जन्म १९६८ चा. वुल्व्हरहॅम्प्टनचाच खासदार इनॉक पॉवेल याने स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले, तेही याच वर्षी. त्या काळात याच गावातले शीख बसकर्मचारी पगडी घालून कामावर येण्याच्या हक्कासाठी झगडत होते. तो त्यांना १९६९ मध्ये मिळाला. अशा गावात हिंदी गाणे ऐकायचे ते घरात, रेकॉर्ड प्लेअरवर आणि पुढे कॅसेटवर. त्या तबकड्या बहुतेक कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या, ब्रिटिश ईएमआयच्याच भारतीय कंपनीच्या. म्हणजे आवाज भारतात नोंदला जाई, मालकी लंडनची असे, आणि ऐकणारा पुन्हा इंग्लंडमध्येच राहत असे. तरी ब्रिटनच्या विक्रीयादीत या गाण्यांचा मागमूस नसे. याचे कारण साधे होते. यादी ठरावीक रेकॉर्ड दुकानांच्या आकड्यांवरून बनत असे, आणि आशियाई कॅसेटी विकल्या जात किराणा, मिठाई आणि कापडाच्या दुकानांत. १९८० च्या दशकात अलाप, हीरा यांसारख्या भांगडा बँडच्या कॅसेटी हजारोंनी खपल्या, पण यादीच्या लेखी त्या नव्हत्याच. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, म्हणजे ‘कॉर्नरशॉप’मधल्या, आशियाई दुकानदाराची हेटाळणी करणारी प्रतिमा बँडने स्वतःचे नाव म्हणून घेतली, यामागे चीड होतीच. १९९२ मध्ये त्यांनी ईएमआयच्या कार्यालयाबाहेर मॉरिसी या गायकाचे चित्र जाळले, कारण तो ब्रिटिश झेंड्याशी आणि स्किनहेडांच्या प्रतिमांशी खेळत होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मूळ गाणे ऑगस्ट १९९७ मध्ये निघाले आणि ६० व्या क्रमांकावर अडकले. नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग आणि पट्टी वाढवून रीमिक्स केले, तेव्हा ते पहिले आले. मग श्रेय कुकचेच नाही का? नाचणाऱ्यांना आशा कोण हे कुठे ठाऊक होते? विक्रीचा धक्का कुकने दिला, हे मान्यच करायला हवे. पण रीमिक्सच्या आधीच, १९९७ च्या डिसेंबरात, बीबीसीवरच्या जॉन पीलच्या श्रोत्यांनी मतदानाने वर्षातले सर्वोत्तम गाणे म्हणून मूळ गाण्यालाच पहिले स्थान दिले होते. ज्या अल्बमात ते होते, त्याला अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवले. शिवाय कुकने आशाबाईंचे नाव काढले नाही. त्याच्या आवृत्तीतही ते नाव ठळकपणे कानावर पडते. ज्याला ती कोण हे माहीत नव्हते, त्याने निदान नाव उच्चारले. १९४९ मध्ये तबकडीवर गायिकेचे नावच नव्हते, हे आठवले तर हा बदल लहान म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक चोख आहे. भारतीय वंशाचे कलाकार याआधीही पहिले आलेच होते. फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बुलसारा. त्याच्या क्वीनचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ मध्येच पहिले आले. बॅबिलॉन झूच्या जस मानचे ‘स्पेसमन’ १९९६ मध्ये पहिले आले, आणि व्हाइट टाउन या नावाने गाणाऱ्या ज्योती मिश्राचे ‘युअर वुमन’ १९९७ मध्ये. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच कॉर्नरशॉपचे वेगळेपण उठून दिसते. त्या गाण्यांत भारत कुठेच नव्हता. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’मध्ये मात्र इंग्लिश रॉक गायक मार्क बोलन, फ्रेंच गायक झाक द्युत्राँ आणि जमैकन संगीताची ट्रोजन कंपनी यांच्याच फळीवर आशा, लता, रफी ठेवलेले आहेत. विलायती श्रोत्यासाठी सतारीचा तुकडा नाही, अगरबत्तीचा धूर नाही. घरातल्या तबकड्यांच्या ढिगात जे जसे होते तसेच ते गाण्यात आले.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती खटकलीच पाहिजे. या गाण्यात आशाबाईंचा आवाज नाही. नाव पहिल्या क्रमांकावर पोचले, गळा मागेच राहिला. व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क भारतातल्या कलाकारांना कायद्याने मिळाला तोही थेट २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर. एक गाणे हा हिशेब पुरा करू शकत नाही. म्हणून ज्यांनी फक्त रीमिक्स ऐकले आहे, त्यांनी मूळची संथ आवृत्ती एकदा ऐकावी, आणि तिच्यानंतर लगेच आशाबाईंचे स्वतःचे एखादे गाणे लावावे.