अजिंठ्याचे नक्कलनवीस

निजामाच्या राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड आणि बीड हे चार जिल्हे मिळून औरंगाबादचा सुभा होत असे, आणि वाघोरा नदीच्या वळणावरील अजिंठ्याची लेणी याच सुभ्याच्या मुलखात असल्यामुळे, त्यांतील चित्रांच्या रक्षणासाठी व नकलांसाठी सरकारी खजिन्यातून जो पैसा वेळोवेळी खर्ची पडला त्यात परभणीच्या कपाशीचा आणि ज्वारीचा महसूलही मिसळलेला होता. परभणीचे या लेण्यांशी नाते याहूनही जुने आहे. ज्या हरिषेण राजाच्या काळी, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, या भिंती रंगल्या, त्याच्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. तेथे १९३९ साली मिळालेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नांदीकटाकडील, म्हणजे नांदेडच्या बाजूच्या, दानाचा उल्लेख असल्याने, या दोन स्थळांच्या मधोमध पसरलेला परभणीचा प्रदेश त्याच सत्तेखाली होता असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर, पाहणाऱ्यांचा पहिला उपद्रव असा झाला की त्यांना चित्र पाहून समाधान होईना, ते घरी न्यावेसे वाटू लागले. डॉ. जेम्स बर्ड या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने सतराव्या लेण्यातील भवचक्राच्या काही आकृती भिंतीवरून सोलून काढल्या. माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर गेरू, हिरवी माती, काजळी आणि लाजवर्द अशा रंगांनी काढलेले चित्र भिंतीपासून सुटले म्हणजे त्याची धूळ होते, एवढाच धडा त्यातून मिळाला. चित्र हलवता येत नाही, तेव्हा त्याची नक्कल न्यावी, हा विचार त्यानंतर सर्वांना पटला.

मद्रास पलटणीतील रॉबर्ट गिल याला कंपनी सरकारने १८४४ साली या कामगिरीवर तैनात केले, आणि हा गृहस्थ आयुष्याचा उरलेला बहुतेक काळ अजिंठ्याच्या परिसरातच राहिला. (पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी असलेला त्याचा संबंध आपल्या कवींना आणि चित्रपटवाल्यांना त्याच्या चित्रांपेक्षा अधिक प्रिय झालेला आहे, त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही, पण त्याच्या वीस वर्षांच्या श्रमांकडेही कोणी पाहावे.) त्याने तैलरंगांत केलेले प्रचंड पट लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाले. वृद्ध गिलने पुन्हा काम आरंभिले. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला त्याचे दफन झाले.

त्याच्या हयातीतच, १८७२ च्या हिवाळ्यात, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास आला, आणि १८८५ पर्यंत या मंडळींनी सुमारे तीनशे चित्रे उतरवली. १८९६-९७ मध्ये निघालेल्या दोन भव्य खंडांवर नाव ग्रिफिथ्सचे आहे. परंतु पेस्तनजी बोमनजींसारख्या ज्या विद्यार्थ्यांनी अंधाऱ्या गुंफांत बसून रेषा न् रेषा उतरवली, त्यांना त्या कीर्तीचा वाटा फार अल्प मिळाला. दैवदुर्विलास असा की यांपैकी शंभरावर पट लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात १८८५ सालीच जळाले.

आगीचा दोष या माणसांकडे जात नाही. वॉर्निशचा मात्र जातो. मंदावलेले रंग नीट दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतीवरच वॉर्निश फासले, ते कालांतराने पिवळे आणि मग तपकिरी पडले, आणि नकलेच्या सोयीसाठी अस्सलाचा चेहरा काळवंडला. मामलेदार कचेरीतील नक्कलनवीस मूळ दस्तावर स्वतःचा हात चालवील तर त्याला चाकरी राहणार नाही. अजिंठ्यात ते बिनदिक्कत घडले.

१९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत इंग्रज चित्रकर्त्या लेडी हेरिंगहॅम यांनी फर्दापूरला तळ दिला, तेव्हा दृष्टी बदललेली होती. तैलरंगाच्या दाट थराऐवजी पारदर्शक कागदावर भिंतीवरील रेषा उतरवून जलरंगांत नक्कल करण्याकडे त्यांचा कल होता, आणि त्यांच्या साहाय्यास कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती आले, तर निजाम सरकारने सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी हे दोघे चित्रकार दिले. बंगाली तरुणांनी येथून जे नेले त्यातून एक चित्रसंप्रदाय पोसला गेला, म्हणून त्यांची नावे सर्वतोमुखी आहेत. सय्यद अहमद मात्र पुढेही लेण्यांच्याच सेवेत राहिले, आणि मला त्यांचे कार्य अधिक मोलाचे वाटते. १९१४ साली हैदराबादेत गुलाम यझदानींच्या हाताखाली पुरातत्त्व खाते स्थापन झाले, १९२० नंतर चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ सुटलेला गिलावा बसवण्यासाठी आणवले गेले (त्यांनीही लाखेचे वॉर्निश वापरले, हे नमूद केले पाहिजे), आणि भिंतीशी रोज पडताळून पाहता येतील अशा नकला हैदराबादच्या संग्रहालयासाठी तयार झाल्या. हैदराबादहून औरंगाबादेकडे जाणारा लोहमार्ग परभणीवरूनच जात होता; लंडनइतका दूरचा प्रवास त्या चित्रांच्या वाट्यास आला नाही, हे त्यांचे भाग्य.

जपानी चित्रकार अराई काम्पो यांच्या नकलांचे भाग्य तसे नव्हते. १९१८ च्या सुमारास त्यांनी येथे केलेल्या प्रतिकृती टोकियोच्या विद्यापीठात होत्या आणि १९२३ च्या भूकंपाच्या आगीत नष्ट झाल्या. तेच अराई १९४० पासून नारानजीकच्या होर्युजी मंदिरातील बौद्ध भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. १९४५ मध्ये ते वारले, काम चालू राहिले, आणि २६ जानेवारी १९४९ रोजी ते चालू असतानाच मंदिराला आग लागून मूळ चित्रेच करपली. चित्रकारांनी थंडीसाठी वापरलेल्या विजेच्या गाद्यांवर त्या वेळी संशय घेतला गेला. तेथे नकला उरल्या, आणि १९६८ साली त्यांच्या व जुन्या छायाचित्रांच्या आधारे भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या.

अजिंठ्यात असे पुनर्लेखन कोणी केले नाही, ते योग्यच झाले. स्वातंत्र्योत्तर काळात पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ ते जुने वॉर्निश थोडे थोडे काढीत आले आहेत. आणि जेथे गिलावाच गळून पडला आहे तेथे कोणती जातककथा होती हे ठरवताना अभ्यासकांना अजूनही ग्रिफिथ्सच्या खंडांतील पृष्ठे उलटावी लागतात.