धनुष्याचा वृक्ष

छत्तीसगढातील मराठी माणसाचा इतिहास लिहावयास घेतला की लेखणी आपोआप भोसल्यांकडे वळते. १७४१ साली भास्करपंतांची फौज रतनपुरावर चालून आली, १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून राज्य केले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, ही सनावळी आपल्या मंडळातील मुलांनाही पाठ असते. मात्र ज्या भूमीने आपणांस आसरा दिला, तिच्या मूळ रहिवाशांची विद्या कोणती, हा प्रश्न आम्ही स्वतःस फार उशिरा विचारला.

केंद्र शासनाच्या सेवेत असता गरियाबंदच्या रानात आमचे वरचेवर जाणे होई. तेथील कमार हे धनुर्विद्येत व बांबूकामात निष्णात असे लोक, डॉ. श्यामाचरण दुबे यांचा त्यांच्यावरील ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला आहे. एकदा एका वृद्ध कमारास आम्ही विचारले, "बाबा, धनुष्यास लाकूड कोणते?" उत्तर न देता ते आम्हांस एका झाडापाशी घेऊन गेले. ते होते धामन, म्हणजेच आपल्या सह्याद्रीतील धामण. कावडीच्या दांडीसाठी आपल्याकडे शोधतात, तीच ही. भार पडताच वाकते, उतरताच सरळ होते. संस्कृत निघंटूंत तिला 'धन्वन' व 'धनुर्वृक्ष' म्हटले आहे. तिची कीर्ती किती जुनी, हे यावरून कळावे.

आम्हांस सारी झाडे सारखीच दिसत होती. बाबांनी मात्र एकामागून एक नाकारली. एकास गाठी होत्या. दुसऱ्याच्या सालीवरील रेषा पिळलेल्या होत्या. साल पिळलेली तर आतील तंतूही पिळलेला, आणि असे लाकूड ताण येताच तिरके फाटते. उतारावर कललेले झाडही वर्ज्य, कारण त्याच्या दोन बाजू सारख्या वाढत नाहीत. निवडलेला सरळ बुंधा करवतीने कापावयाचा नाही, तर तंतूंच्या ओघाने फाडावयाचा. धनुष्य ओढले असता लक्ष्याकडील पाठ ताणली जाते व धनुर्धराकडील पोट दाबले जाते. म्हणून पाठीचा एकही तंतू तुटू द्यावयाचा नाही. तासावयाचे ते पोटाकडून. उन्हात घाईने वाळविलेला दांडा तडकतो. तो आधी सावलीत व मग चुलीवरच्या धुरात सावकाश मुरवावा लागतो. प्रत्यंचा बांबूच्या चिवट पट्टीची. अनेकदा धनुष्यही बांबूचेच असते. परंतु तो बांबू जून, भरीव आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा, नाही तर कीड लागते.

घरी परतल्यावर आम्ही अग्निपुराणातील धनुर्वेदाचा भाग उघडला. तेथे चार हात लांबीचे लाकडी धनुष्य श्रेष्ठ मानले आहे. त्यासाठी चंदन, वेत, साल, धव म्हणजे धावडा आणि ककुभ म्हणजे अर्जुन ही नावे दिली आहेत, आणि शरद ऋतूत तोडलेल्या बांबूचे धनुष्य सर्वोत्तम म्हटले आहे. कौटिल्यानेही प्रत्यंचेच्या द्रव्यांत बांबू गणला आहे. ज्या माणसाने पुस्तक हाती धरले नव्हते, त्याने रानात उभ्याउभ्या आम्हांस जे सांगितले, तेच पोथीत होते. साल व धावडा हे शब्द आम्हीही हजारो वेळा लिहिले होते, पण घनफुटांच्या रकान्यात!

या विद्येचा आधार जंगल, आणि ते हातून जाऊ लागले तेव्हा धनुष्यच उठले. १९०५ साली बस्तरच्या दोन तृतीयांश जंगलास राखीव करण्याचा प्रस्ताव झाला. १९१० साली आंब्याच्या डहाळ्या, मातीचे ढेकूळ, मिरच्या व बाण गावोगाव फिरले आणि भूमकाल पेटला. गुंडाधूरचे नाव आजही तेथे आदराने घेतात. बंदुकीपुढे बाण हरला, हे खरे; पण पुढे राखीव क्षेत्र जवळजवळ निम्म्याने घटविण्यात आले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली, ते योग्यच झाले. परंतु शिकारीबरोबर झाड पारखणारी दृष्टीही जाऊ लागली. "मुलगा बाण सोडतो, पण झाड ओळखत नाही," असे बाबा म्हणाले, तेव्हा मराठी बोलणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या आमच्याच घरातील मुलांची आम्हांस आठवण झाली. २०२३ साली धमतरी जिल्ह्यातील कमारांना अधिवास हक्क मिळाले; उशिरा का होईना, न्याय झाला. हक्काबरोबर विद्याही टिकावी, ही प्रार्थना.

वाचकहो, आपण दसऱ्यास आपट्याचे पान सोने म्हणून देतो. कौसल्येचे माहेर मानल्या गेलेल्या या कोसलभूमीत राहून रामनवमीस कोदंडधारी रामास हात जोडतो. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन गरियाबंदकडे जावे आणि एखाद्या जाणत्यास विनंती करून धामणीचे झाड दाखवावे. आपल्या दोन्ही मुलुखांत एकाच नावाने ओळखले जाणारे ते झाड आहे.